मादी एक, पिल्लू एक

१

विनी दुपारची झोपली की टॅमसिनला दोन कामं असत. पोरीचा श्वास चालू आहे ना ते बघायचं, आणि आपण आत्ताच बघून आलो हे विसरून पुन्हा बघायला जायचं. लग्नाआधी ती टुवूम्बाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निरीक्षण, पुरावा, निष्कर्ष. त्यातलं आता निरीक्षण तेवढं उरलं होतं.

आज तिसरंही काम होतं. सासऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधले मेल नव्या कॉम्प्युटरवर न्यायचे.

ऑफिस म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची पत्र्याची खोली. फेब्रुवारीच्या उन्हात पत्रा कडकड वाजे, वर कुणी चालत असल्यासारखा. जुना कॉम्प्युटर म्हाताऱ्या कुत्र्यासारखा धापा टाकत होता. पश्चिम क्वीन्सलँडची लाल धूळ पिऊन पिऊन त्याचं पोट भरलं होतं. शेजारी नवा, खोक्यातून नुकताच काढलेला. नेटची केबल एकच. ती तिने जुन्याची काढून नव्याला लावली आणि स्टुलावर बसली.

खुर्ची नव्हती. सासऱ्याचे अंत्यविधी झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याने, डार्सीने, ती अंगणात जाळली. सासरा, क्लेम, त्या खुर्चीत रायफल साफ करताना गेला. 'साफ करताना' असं सगळे म्हणत, आणि म्हणताना एकमेकांकडे बघायचं टाळत. भिंतीला नवा रंग दिला, फरशी घासली, कीबोर्ड मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. टॅमसिनने कापसाच्या काडीने बटणांमधल्या फटी पुसल्या, तर बोळ्याला तपकिरी पूड लागली.

"धूळ आहे," ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. तरी ती काडी तिने कचऱ्यात टाकली नाही, चुलीत टाकली.

फोनवर नणंद होती, ब्रिस्बेनहून. ब्रॉनला कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं आणि समोरच्याला काहीच कळत नाही हेही ठाऊक असायचं.

"आधी मेलचा प्रोग्रॅम बंद केलास ना?"

"केला."

केला नव्हता. एकदा बंद केला की तो म्हातारा पुन्हा उघडायला युग लावी, आणि तोवर विनी उठली असती.

"चालू असताना कॉपी करू नको हं, टॅम. चालू असतो तोवर तो आत काहीबाही लिहीतच असतो. मग एकाचे दोन होतात, आणि दोघंही म्हणतात मीच खरा."

"अगं, केला म्हटलं ना."

"आणि बापाचे मेल 'हलवले' म्हणून गावभर सांगशील, पण हलत काही नाही. नुसती नक्कल होते. मूळचं तिथल्या तिथेच असतं."

"बाई, तू हुशार आहेस, मान्य. पुढे काय करू ते सांग."

पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. टॅमसिन विनीचा श्वास बघून आली.

२

मेल न्यायचे, कारण शेजाऱ्यांना क्लेमच्या शिकारींची जुनी नोंद हवी होती.

क्लेम रानकुत्रे मारायचा. त्या मुलखात ज्याच्याकडे मेंढ्या, त्याला क्लेम हवाच. रानकुत्रा भूक लागली म्हणूनच मारतो असं नाही, रंगात आला की मारत सुटतो. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात टॅमसिनने उत्तरेचं कुरण बघितलं होतं. मेंढ्या कुशीवर पडलेल्या, पोटं उघडी, आतडी धुळीत ओढलेली, आणि निम्म्याअधिक अजून जिवंत. कावळ्यांनी डोळे आधीच उरकले होते. क्लेम एकेकीच्या मानेवरून सुरी फिरवत पुढे जात होता आणि तोंडाने हवामानाबद्दल बोलत होता.

मारलेले कुत्रे तो रस्त्याकडेच्या कुंपणावर उलटे टांगी. वाऱ्याने ते एकमेकांवर आपटत. पहिल्यांदा गाडीतून येताना तिला वाटलं होतं, कुणी कोट वाळत घातलेत.

प्रत्येक शिकारीचा मेल सगळ्या शेजाऱ्यांना जाई. ठरलेला मजकूर: मारला. नर एक. जागा अमुक. बस. पण क्लेमची एक खोड होती, तिच्यावरून लोक हसत आणि तिलाच घाबरत. तो मेल आधी लिहायचा. सकाळी लिहून आउटबॉक्समध्ये तसाच ठेवायचा आणि मग बंदूक घेऊन बाहेर पडायचा. संध्याकाळी आला की हात धुऊन पाठवायचा.

"लिहिलं की झालंच," तो म्हणे. "न लिहिता गेलो तर नेम हलतो."

गोळी झाडायच्या आधी तो शीळ घाली, दातांच्या फटीतून, हलक्या दोन सुरांत. कुत्रा थबकायचा, मान वर करून बघायचा. तेवढंच त्याला पुरे असे. डार्सीला लहानपणापासून ती शीळ जमली नाही. त्याच्या ओठांतून नुसती फुस्स हवा यायची. "माझा मुलगा म्हणजे पंक्चर झालेली ट्यूब आहे," असं बाप चारचौघांत म्हणे.

टॅमसिनला सातवा महिना होता तेव्हा जेवणाच्या टेबलावर क्लेमने तिच्या पोटाकडे काटा रोखला होता.

"चला, घरात आता मादी एक, पिल्लू एक."

सगळे हसले. तीही हसली. शहरातून आलेल्या सुनेला विनोद कळत नाही असं कुणी म्हणायला नको.

३

नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडला आणि सगळं जागच्या जागी आलं. शेजाऱ्यांची यादी, जुने मेल, क्लेमने केलेले कप्पे. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. फार दिवसांत एखादी गोष्ट करायला घेतली आणि ती झाली, असं घडलं नव्हतं.

मग छोटी चौकट आली. तीन मेल पाठवायचे राहिले आहेत. पाठवायचे का?

वर्गात ती मुलांना घसा फोडून सांगायची, आधी वाचा, मग टिचकी मारा. तिने टिचकी मारली आणि मग वाचलं.

उपग्रहाचं नेट, त्यात दुपार. पहिला मेल रखडत रखडत गेला. तिने तो उघडला.

मारला. नर एक. जागा: दक्षिणेचं फाटक.

खाली क्लेमचं नाव. ती स्टुलावर मागे रेलली आणि पाठ नसल्यामुळे पडता पडता वाचली. मेलेल्या माणसाचा मेल सगळ्या गावाला! लोक काय म्हणतील?

लोक तत्परतेने म्हणाले. लगेचच एकाचं उत्तर आलं: 'क्लेम, वर नेट आहे वाटतं? बियरचं काय?' दुसऱ्याचं: 'तिथेही कुत्रेच मारतोयस का, लेका?' टॅमसिनचा चेहरा तापला. ती माफीचा मेल लिहायला लागली तोच डार्सीचा फोन आला. पिकअपवर अँटेना बसवल्यापासून त्याला रानातही फोन नि मेल मिळायचे.

"टॅम, बाबांचा मेल आला."

"माझी चूक झाली रे. ते नव्या कॉम्प्युटरवर घेताना..."

"मी दक्षिणेच्या फाटकावर आहे," तो म्हणाला. "सापळ्यात एक अडकलाय. नर. पाय चावून तोडत होता स्वतःचा. आत्ता गोळी घातली त्याला. घातली आणि खिशात फोन वाजला."

तिने पडद्यावरचं 'नर एक' पुन्हा वाचलं.

"योगायोग," डार्सी म्हणाला.

"योगायोगच," ती म्हणाली. शाळेत याच शब्दावर तिने एक अख्खा तास घेतला होता.

४

दुसरा मेल पाठवला जात होता. पट्टी अर्ध्यावर अडकली होती. थांबवायचं बटण तिने दाबलं, पुन्हा दाबलं. बटण दिसायला बटण होतं एवढंच. जुना कॉम्प्युटर शेजारी धापा टाकत होता. त्याच्या पडद्यावरही तेच कप्पे, तीच यादी, तोच आउटबॉक्स उघडा होता.

मारला. नर एक. जागा: नोरीनची टाकी.

गेला.

टॅमसिन विनीच्या खोलीत गेली. पोर पालथी झोपली होती, मुठी उघड्या. तिने तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि श्वास मोजायचा नाही असं ठरवून तो मोजला.

स्वयंपाकघरातला फोन वाजला. शेजारची नोरीन हेस. नोरीनचा आवाज फोनशिवायही पलीकडच्या कुरणात ऐकू यायचा.

"अगं टॅम, तुझा सासरा मेल्यावरही मला कामाला लावतोय बघ! मेल वाचून हसत हसत टाकीकडे नजर टाकली, तर रानकुत्र्याचं हे एवढं मोठं धूड पाणी पितंय. खिडकीतूनच घातली गोळी. जबडाच उडाला मेल्याचा, तरी पाणी प्यायचा प्रयत्न करत होता गं."

"तू... तू मेल वाचून मग मारलास?"

"मग काय! क्लेमने लिहिलं म्हणजे मारायलाच हवा ना." नोरीन खो खो हसली, आणि हसणं मध्येच थांबलं. "खरं सांगू? मी बंदूक कधी उचलली तेच आठवत नाही. जेवत होते. काटा हातात होता, मग बंदूक होती."

"नोरीन, तिसरा मेल आला तर वाचू नकोस."

"तिसरा पण आहे?"

टॅमसिनने फोन ठेवला आणि ऑफिसकडे धावली.

५

तिने नव्या कॉम्प्युटरमागची केबल हिसडून काढली. टोकावरची प्लॅस्टिकची खिट्टी तुटून हातात आली. पडद्यावरची पट्टी मात्र भरली होती.

मारल्या. मादी एक, पिल्लू एक. जागा: घर.

ती ते वाचत राहिली. डोक्यातली मास्तरीण म्हणत होती, बाई, झोप अपुरी झाली की माणसाला नमुने दिसतात. दोनदा जुळलं म्हणजे नियम होत नाही. हा म्हाताऱ्याचा घाणेरडा विनोद आहे, लिहिला आणि पाठवायचं धाडस झालं नाही. मग तिला आठवलं की क्लेम आधी लिहायचा आणि मारून झाल्यावरच पाठवायचा. आणि त्या दिवशी, खुर्चीत, संध्याकाळ व्हायच्या आधीच त्याने बंदूक स्वतःकडे का वळवली असेल, हा प्रश्न तिच्या मनात आला तसा तिने तो मागे ढकलला.

फोन.

"मी येतोय," डार्सी म्हणाला.

"डार्सी, तो मेल..."

"वाचला. घरी आहेत म्हणे दोघी."

"कोण दोघी?"

"मादी नि पिल्लू." आवाज त्याचाच होता, पण इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. मागे इंजिन पूर्ण जोरात होतं.

"डार्सी, घरात मी आहे आणि विनी आहे. दुसरं कुणी नाही."

"हो ना," तो म्हणाला. "तिथेच थांबा. येतोच."

६

तिला पळून जायला गाडी नव्हती. एकच गाडी, तीच घराकडे येत होती. नोरीनला बोलवावं तर नोरीननेही मेल वाचला असणार. सगळ्यांनीच वाचला असणार. गावभरच्या जेवणाच्या टेबलांवर लोक काटे खाली ठेवताना तिला दिसले.

लिहिलं की झालंच. मग ते व्हायला हवं. पण कोणती मादी, कोणतं पिल्लू, हे कुठे लिहिलंय?

फ्लॉस व्हरांड्याच्या पायरीखाली सावलीत पडली होती. मेंढ्या राखणारी लाल कुत्री, पोटाशी तिचं एकच उरलेलं पिल्लू. बाकीची शेजाऱ्यांनी नेली होती. हे विनीसाठी ठेवलं. विनीला एकच शब्द येत होता, 'बू', आणि तो या पिल्लाचा होता.

टॅमसिनने कपाटातून दुसरी रायफल काढली. चालवायला तिला क्लेमनेच शिकवलं होतं. रानात राहायचं तर शिकायला हवं, पोरी.

"फ्लॉस. ये. आत ये."

फ्लॉस उंबऱ्याशी थांबली. क्लेमच्या घरात कुत्र्याला पाऊल टाकायची बंदी होती, आणि जन्मभर ती तिने मोडली नव्हती. तिने टॅमसिनकडे बघितलं, खरंच का, असं. मग शेपूट हलवत, पोट जमिनीला लावून, आनंदाने थरथरत आत आली. मागून पिल्लू उंबऱ्यावर अडखळत आलं.

'शिक्षिका आहेस तू,' टॅमसिनच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं.

स्वयंपाकघरात आवाज एवढा झाला की कपाटातल्या बशा फुटल्या. फ्लॉसने मागे वळून आपल्याच कुशीकडे नवलाने बघितलं. तिथे कूस नव्हती. ती सरपटत टॅमसिनच्याच पायाकडे आली, तिच्या पावलावर हनुवटी ठेवली, आणि उष्ण रक्त बोटांच्या मधून गेलं. टॅमसिनला दुसऱ्यांदा गोळी झाडावी लागली, अगदी जवळून. भिंतीवर, चुलीवर, विनीच्या उंच खुर्चीवर शिंतोडे उडाले.

पिल्लू टेबलाखाली शिरून कुंईकुंई करत होतं. नेम लागेना. तिने जिभेने टकटक केलं. पिल्लाने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

मग आतल्या खोलीत विनी किंचाळायला लागली.

७

डार्सी दारात आला तेव्हा रायफल त्याच्या हातात, खांद्याच्या उंचीवर होती. टॅमसिन फरशीवर बसली होती, विनीला छातीशी गच्च धरून. दोघींच्या अंगावर रक्त. तो त्यांच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "मादी एक. पिल्लू एक. घर. बघ ना, डार्सी. झालं."

त्याने फ्लॉसकडे बघितलं. टेबलाखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. हळूहळू नळी खाली आली, आणि त्याचा चेहरा परत आला, पाण्यातून वर यावा तसा.

"टॅम?" तो म्हणाला. "मी दक्षिणेच्या फाटकावर होतो. इथे कसा आलो?"

मग तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तीही रडली असती, पण विनी 'बू, बू' करत टेबलाकडे बोट दाखवत होती, आणि तिचं तोंड वळवून धरायला हवं होतं.

ती विनीला मोरीत घेऊन गेली. कोमट पाण्याने तिचे केस धुतले, कानामागे पुसलं, स्वच्छ झबलं घातलं. सुटलो, तिने मनाशी म्हटलं. वेड लागलं असेल तर लागू दे, पण पोर माझ्या कडेवर आहे. व्हरांड्यातून डार्सीचा आवाज आला, थकलेला, नेहमीचा.

"टॅम, लोकांना कळवून टाकतो, मेल चुकून गेला म्हणून. नाहीतर अर्धं गाव बंदुका घेऊन दारात येईल."

"हो. कळव."

तिने टॉवेल वाळत टाकला. ऑफिसातून धापा ऐकू येत होत्या. नव्याचा आवाज येत नाही, तिला वाटलं. नवा तर गप्प असतो. डार्सीला नवा येतही नाही. तो जुन्यावरच बसणार, सवयीचा, आणि मोकळी पडलेली केबल तो...

प्रोग्रॅम बंद केलास ना आधी? केला.

हलत काही नाही. मूळचं तिथल्या तिथेच असतं.

ती विनीला घेऊन धावली. डार्सी स्टुलावर, तिच्याकडे पाठ करून बसला होता. केबल जुन्याला लावलेली. पडद्यावर पहिली पट्टी भरून गेली होती, आणि दक्षिणेकडून, फाटकाच्या बाजूने, सापळ्यात सापडलेल्या जनावराचं लांबलचक ओरडणं वाऱ्यावर आलं. दुसरी पट्टी भरली. नोरीनच्या टाकीकडे गोळी वाजली.

तिसरी पट्टी सरकायला लागली.

"डार्सी, केबल काढ. डार्सी! काढ ती!"

त्याने मागे बघितलं नाही. त्याची बोटं कीबोर्डवर सपाट पडली होती, त्या तपकिरी फटींवर. मग उजवा हात उठला आणि भिंतीला टेकवलेल्या रायफलीकडे गेला, चहाच्या कपाकडे जावा तसा, न बघता.

"तिला खाली ठेव, टॅम," तो म्हणाला.

तिने ठेवलं नाही. ती उलट्या पावलांनी व्हरांड्यात सरकली. पाठीला खांब लागला. तिने विनीचं डोकं आपल्या मानेत दाबून धरलं, दोन्ही कान झाकले, नीट झाकले.

आणि तरी डार्सीच्या ओठांतून, ज्यांतून आयुष्यभर नुसती हवा आली होती, हलक्या दोन सुरांत, स्वच्छ शीळ आली.

विनीने मान वर करून बघितलं.